सक्युलंटची (जाड, रसाळ पानांचं झाड) खालची पानं पिवळी पडून गळतायत. पाणी कमी पडतंय का?

बहुतेक उलटंच, पाणी जास्त होतंय. गळलेलं पान चिमटीत दाबून बघा. मऊ, पारदर्शक, पाणचट लागलं तर मुळं कुजायला लागली असणार. तहानलेल्या झाडाचं पान सुरकुततं. (तळाचं एखादंच पान कागदासारखं वाळलं असेल तर सोडून द्या, ते वयानं जातं.)

झाड उपटून काळी मुळं कापा, दोन-तीन दिवस सावलीत उघडंच सुकू द्या. मग निम्मी माती, निम्मी जाडी वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) अशा मिश्रणात पुन्हा लावा. कुंडीला भोक हवंच, खाली खडे घालून भागत नाही. पाणी वार बघून घालू नका. माती आतपर्यंत सुकली की भरपूर द्या, बशीत साचलेलं ओतून टाका.