कोमो सरोवर: प्रदक्षिणेचा हट्ट सोडा, त्रिकोण धरा

आपला प्रश्न वाचला. सप्टेंबरच्या अखेरीस आपण तिघे मित्र पुण्याहून येऊन इटलीतील कोमो शहरात चार दिवस सायकल चालवायला राहणार आहात. पहिल्या दिवशी संपूर्ण सरोवराला सुमारे 160 किलोमीटरची फेरी, दुसऱ्या दिवशी गिझाल्लोचा चढ आणि उरलेले दोन दिवस जमेल तसे, असा आपला बेत आहे. सिंहगड आणि ताम्हिणी नियमित करणाऱ्यांना हे झेपेल का, असे आपण विचारले आहे. झेपेल, त्याबद्दल शंका नाही. माझी हरकत पहिल्या दिवसाच्या मार्गाला आहे. मी गेली काही वर्षे मिलानजवळ राहतो, सुट्टीचा बहुतेक प्रत्येक सकाळचा वेळ याच रस्त्यांवर घालवतो, आणि ती पूर्ण फेरी दोनदा केल्यानंतर तिसऱ्यांदा करण्याची इच्छा मला झालेली नाही.

नकाशा समोर ठेवला तर हे सरोवर दोन पाय फाकून उभ्या असलेल्या माणसासारखे दिसते. एका पावलाशी कोमो, दुसऱ्याशी लेक्को, आणि जिथे पाय फुटतात तिथे बेल्लाजो. आपल्याकडच्या देवळातली प्रदक्षिणा इथल्या वाहतुकीच्या नियमात चोख बसते, कारण रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असल्यामुळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेले की पाणी सतत उजव्या हाताला, अगदी कठड्यापलीकडे राहते. कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात पश्चिम काठाचा रेजिना हा जुना रस्ता कोलोन्नो, साला कोमाचिना या गावांतून जाताना इतका अरुंद होतो की दोन बस समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावेच लागते. एकदा कोलोन्नोत मी घराच्या भिंतीला खांदा टेकवून, एक पाय जमिनीवर ठेवून, पर्यटकांची बस माझ्या हँडलपासून वीतभर अंतरावरून पुढे मागे होत असताना दहा मिनिटे उभा होतो. बसचालक शांत होता, त्याचे हे रोजचे असावे. पूर्व काठावरचा 36 क्रमांकाचा जलद महामार्ग सायकलींना बंद आहे. म्हणून दिवसभराच्या फेरीतला बराच वेळ सरोवर पाहण्यात न जाता आरशात मागची वाहने पाहण्यात जातो.

त्याऐवजी दोन पायांमधला जो डोंगराळ भाग आहे, ज्याला इथे लारिओचा त्रिकोण म्हणतात, तो धरावा. लारिओ हे या सरोवराचेच जुने नाव. या त्रिकोणात प्रदक्षिणा उलटी घालावी लागते, कारण इथे पाणी बाहेरच्या बाजूला आहे आणि ते उजव्या हाताला ठेवायचे तर घड्याळाच्या काट्याविरुद्ध जावे लागते. पहिल्या दिवसासाठी माझी सूचना अशी: कोमोहून एर्बामार्गे आस्सोला जावे, तिथून वाल्ब्रोनाचा छोटा चढ ओलांडून ओन्नोला लेक्कोच्या बाजूच्या पाण्यापाशी उतरावे, काठाकाठाने बेल्लाजो गाठावे आणि दुसऱ्या काठाने कोमोला परतावे. हे सत्तरेक किलोमीटर होते. एर्बापर्यंतचा रस्ता सामान्य आणि वाहनांचा आहे, तो सकाळी लवकर उरकावा. वाल्ब्रोनाहून ओन्नोकडे उतरताना मात्र झाडी एकाएकी संपते आणि समोर ग्रिन्या डोंगराचे उघडे पांढुरके कडे उभे राहतात, तेव्हा ब्रेक दाबून थांबावेच लागते.

ब्रेकवरून आठवले. भाड्याची सायकल घेणार असाल तर ताब्यात घेताना सर्वांत आधी ब्रेक तपासा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, इथे तो डाव्या हाताला असतो. माझ्या पहिल्या आठवड्यात एका ओल्या वळणावर सवयीने उजवा ब्रेक हलके आणि डावा जोरात दाबला गेला, म्हणजे नेमके नको तेच झाले, आणि मी गवतात गेलो. गवत होते म्हणून निभावले. दुकानदाराला सांगितल्यास तो केबल बदलून देतो, पण हायड्रॉलिक डिस्क असल्यास ते काम वेळखाऊ असते, म्हणून आधीच कळवून ठेवणे बरे.

दुसरा दिवस गिझाल्लोचा. कोमोहून बेल्लाजो 30 किलोमीटर आहे आणि हा रस्ता खालीवर होत राहतो, तेव्हा तिथेच पाय रिकामे करू नयेत. बेल्लाजोपासून चढ 8.6 किलोमीटरचा, सरासरी 6.2 टक्क्यांचा आहे, परंतु ही सरासरी फसवी आहे. पहिले चार किलोमीटर सलग आठ नऊ टक्के, वळणांवर 14 पर्यंत. मग चिवेन्ना गावाच्या आसपास रस्ता जवळजवळ सपाट होतो, थोडा उतरतोही, आणि चढ संपला असे वाटून बहुतेक जण इथे मोठ्या गिअरवर जोर लावतात. शेवटचा दीडेक किलोमीटर पुन्हा नऊ दहा टक्क्यांचा आहे आणि तो त्या उत्साहाची वसुली करतो. सपाट भागात पाणी प्या, काहीतरी खा, आणि दम सांभाळून ठेवा.

वर 754 मीटरवर मादोन्ना देल गिझाल्लोचे, म्हणजे गिझाल्लोच्या मेरीमातेचे लहानसे देऊळ आहे. पोप पायस बारावे यांनी 1949 मध्ये या मादोन्नेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून मान्यता दिली. आत भिंतींवर शर्यतींचे जर्सी आणि सायकली टांगलेल्या आहेत, कोप्पी, बार्ताली, मेर्क्स या जुन्या नामवंत सायकलपटूंच्याही. त्यांत फाबिओ कासार्तेल्लीची सायकल शोधा. हा याच भागातला, आल्बेसे कॉन कास्सानो गावचा मुलगा. पहिल्या दिवशी एर्बाच्या वाटेवर आपण त्या गावावरूनच जाल. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने रस्त्यावरील शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले आणि 1995 च्या तूर द फ्रान्समध्ये पिरेनीजमधील उतारावर पडून तो गेला. सायकलीचा पुढचा भाग त्या आघाताने वाकलेला आहे आणि ती तशीच ठेवली आहे. शेजारी 2006 मध्ये उघडलेले सायकल संग्रहालय आहे. वेळ असेल तर पाहा, नसेल तर देऊळ पुरेसे आहे.

गिझाल्लोवरून आस्सोच्या दिशेने उतरताना मालो इथे उजवीकडे सोर्मानोचा रस्ता फुटतो. गावाच्या वर दोन वाटा आहेत: नेहमीचा घाटरस्ता आणि मूरो, म्हणजे भिंत. ही भिंत 1.92 किलोमीटरची, सरासरी 15.8 टक्क्यांची आहे, आणि काही ठिकाणी चढ 25 टक्क्यांच्या वर जातो. आयोजक विन्चेन्झो तोर्रियानी यांनी 1960 मध्ये ती लोंबार्दियाच्या व्यावसायिक सायकल शर्यतीत आणली, पण प्रेक्षक आपापल्या लाडक्यांना मागून ढकलत असल्यामुळे तीन वर्षांतच ती काढून टाकावी लागली, आणि शर्यत तिथे परतली ती थेट 2012 मध्ये. आता हा रस्ता मोटारींना बंद आहे आणि डांबरावर चढलेली उंची मीटरमीटरने रंगवली आहे. दमलेल्या माणसाला हे आकडे पाहणे हा प्रोत्साहनाचा प्रकार आहे की छळाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आपल्या सायकलींना मागे 28 दातांची चाकी आहे, असे आपण लिहिले आहे. पुढे 34 धरली तरी ताशी सहा किलोमीटरच्या वेगाने पेडलचे मिनिटाला चाळीसही फेरे होणार नाहीत, आणि याच लयीत वीस मिनिटे उभ्याने चढणे गुडघ्यांना मानवत नाही. मागे 34 दात घ्या, नाहीतर घाटरस्त्याने जा. सिंहगड चढणाऱ्याला गिझाल्लो ओळखीचा वाटेल, मूरो वाटणार नाही. भिंतीवर उतरून सायकल ढकलत नेणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

वरच्या 1124 मीटरच्या खिंडीतून पियान देल तिवानोच्या कुरणांतून झेल्बिओमार्गे नेस्सोला, म्हणजे पुन्हा पाण्यापाशी उतरायचे. हा उतार अरुंद आहे, झाडांखाली ओलसर राहतो, आणि आंधळी वळणे खूप आहेत. 2020 च्या शर्यतीत रेमको एव्हेनेपूल याच बाजूला पुलाच्या कठड्याला धडकून दरीत पडला आणि त्याच्या ओटीपोटाचे हाड मोडले. व्यावसायिकाचे हे झाले, तेव्हा आपण घड्याळ विसरून उतरावे. नेस्सोहून कोमो सतरा किलोमीटर. एकूण दिवस ऐंशी ते नव्वद किलोमीटरचा, पण थकवा त्याहून बराच जास्त.

परतीला वारा समोरून येण्याची शक्यता धरा. स्वच्छ हवेच्या दिवशी सकाळी उत्तरेकडून तिवानो नावाचा वारा वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा नावाचा सुटतो, त्यामुळे कोमोहून सकाळी निघून दुपारी परतणाऱ्याला जाता-येता दोन्ही वेळा वारा तोंडावर मिळतो. उपाय नाही. तिघे आहात, आळीपाळीने पुढे राहा.

तिसऱ्या दिवशी पूर्व काठ पाहता येईल. लेक्कोमार्गे वारेन्नापर्यंत रेल्वेने जावे. प्रादेशिक गाड्यांत सायकलचे वेगळे तिकीट काढावे लागते. वारेन्नापासून बेल्लानो, देर्विओ, कोलिको हा जुना काठरस्ता आहे. जड वाहतूक वरच्या महामार्गाच्या बोगद्यांतून जात असल्यामुळे तो बराच शांत असतो, आणि सरोवराकाठचा हा पट्टा मला सर्वांत आवडतो. कोलिकोहून रेल्वेने परत या, किंवा वारेन्नाला मागे येऊन मोटारींच्या फेरीबोटीने बेल्लाजोला उतरा. त्या बोटींवर सायकल चालते, जलद बोटींवर तिचा भरवसा धरू नये. चौथा दिवस मोकळा ठेवा, सप्टेंबरच्या अखेरीस एखादा दिवस पावसाचा निघतोच.

दोन व्यावहारिक गोष्टी. बोगद्यात चमकणारे जाकीट घालणे इथे कायद्याने बंधनकारक आहे आणि दिवेही लागतात, त्यामुळे घडी करून खिशात मावेल असे पातळ जाकीट आणि मागचा लाल दिवा पुण्याहूनच आणा. पाण्यासाठी गावागावांत नळ वाहत असतात, त्यावर 'नॉन पोताबिले', म्हणजे पिण्यायोग्य नाही, असे लिहिलेले नसेल तर बाटली निःशंक भरा. जेवणाचे मात्र साडेबारा ते दोन एवढ्यातच उरकावे. त्यानंतर डोंगरातल्या गावांत कॉफी आणि बिस्किटांवरच दिवस काढावा लागतो.