रेडिओसर्जरी : ना रेडिओ, ना शस्त्र

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाने विचारले आहे : मामांच्या कवटीच्या तळाशी रक्ताच्या कॅन्सरची गाठ निघाली, नागपूरच्या डॉक्टरांनी ‘रेडिओसर्जरी’ सांगितली. याला ‘किरणोत्सारी शस्त्रक्रिया’ म्हणावे का? आणि रक्ताच्या कॅन्सरला गाठ कशी?

रेडिओसर्जरी म्हणजे बाहेरून अनेक बाजूंनी किरणांचे झोत गाठीवर एकवटून ती मारणे. तिला ‘किरणोत्सारी शस्त्रक्रिया’ म्हणू नका. हा जोडशब्द ऐकून ऐकून डोके उठले आहे. ज्या पदार्थातून आपोआप किरण निघत राहतात तो किरणोत्सारी, जसे युरेनियम किंवा कोबाल्ट-६०. उपचार किरणोत्सारी कसा असेल? रुग्ण तर मुळीच नसतो; मारा थांबला की त्याच्या अंगात किरण उरत नाहीत. तरी या एका विशेषणापायी आमच्या गावात एका आजीच्या खाटेजवळ नातवंडांना महिनाभर फिरकू दिले नाही.

‘डोक्शात रेडिओ बसोतेत का बाप्पा?’ असे विचारणारा म्हातारा मला जास्त जवळचा वाटतो, कारण रेडिओ आणि रेडिओसर्जरी या दोन्ही शब्दांचे मूळ खरेच एक आहे. लॅटिनमध्ये ‘रेडियस’ म्हणजे चाकाचा आरा. त्यावरून वर्तुळाची त्रिज्या, त्यावरून किरण, आणि चहूकडे लहरी फेकणारा रेडिओही त्यातलाच. आता आपल्या बंडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. सगळे आरे येऊन मिळतात ते तुंब्यात. संस्कृतात हाच ‘अर’, आणि नाड्या एका जागी कशा एकवटतात हे सांगताना मुंडकोपनिषदाला रथाच्या नाभीतले अरच आठवले. (रेडियस आणि अर यांचे ध्वनींचे नाते मी जोडत नाही. नाते चित्राचे आहे.) रेडिओसर्जरीच्या गॅमा नाइफ नावाच्या यंत्रात किरण सोडणारे कोबाल्टचे २०१ स्रोत असत, नव्या यंत्रांत १९२ असतात. एकेक झोत इतका दुबळा की वाटेतल्या मेंदूला फारशी इजा होत नाही; सगळे जिथे मिळतात तिथेच मारा जबर. आरे, तुंबा आणि तुंब्याच्या जागी गाठ! स्वीडनचे मेंदूचे सर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ‘रेडिओसर्जरी’ हा शब्द मांडला तेव्हा त्यांच्या मनात चाक नसेलही, पण शब्दाच्या पोटात ते होतेच.

‘किरण-शल्यक्रिया’चा हट्ट धरणाऱ्या परिभाषाकारांशी माझे जमत नाही. शल्य म्हणजे अंगात रुतलेले बाणाचे टोक. ते उपसून काढणे ही शल्यक्रिया. इथे काहीच उपसत नाहीत, गाठ जागच्या जागी मारतात. शस्त्रही नाही, चिराही नाही. कोश उघडून पहिला प्रतिशब्द चिकटवला की काम झाले असे ज्यांना वाटते, त्यांनी परिभाषेच्या वाटेला जाऊ नये.

माझा शब्द ‘किरणवेध’. ‘व्यध्’ म्हणजे टोचणे, म्हणून कर्णवेध. पण वेधशाळेत वेध घेतात तो अचूक मापाचा. इथे दोन्ही आहेत : आधी स्कॅनवर गाठीची जागा मिलिमीटरपर्यंत मोजायची, मग भेदायची. आपल्याकडे रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात तो शब्दही उत्तम, तो सोडू नका. पण शेक आठवडेच्या आठवडे चालतो, किरणवेध एका बैठकीत किंवा फार तर पाचांत आटोपतो.

आता गाठीचे. रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होते. मज्जेला ग्रीकमध्ये ‘मायेलोस’, म्हणून तिथल्या प्लाझ्मा पेशींच्या (जंतूंशी लढायला मदत करणाऱ्या पेशींच्या) कॅन्सरला ‘मायलोमा’; तो रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार. या पेशी एखाद्या हाडात ढीग करून बसल्या की ती गाठ, प्लाझ्मासायटोमा. कवटीच्या तळातून डोळ्यांच्या आणि चेहऱ्याच्या नसा जातात, त्या दाबल्या की एकाचे दोन दिसू शकते. आणि तिथे सुरी घालणे जोखमीचे. सुदैवाने या गाठी किरणांना लवकर दाद देतात. मात्र वेध फक्त त्या गाठीचा होतो. मामांच्या कागदांवर ‘मायलोमा’ लिहिले असेल तर बाकीच्या मज्जेसाठी औषधे वेगळी लागतात, ती कधी सुरू करायची हे डॉक्टरांना याच भेटीत विचारून घ्या. आणि फायलीवर ‘रेडिओसर्जरी’च राहू द्या; किरणवेध घरात समजावताना वापरा.