‘ती कुठे तिथे होती?’

प्रश्न : माझी पत्नी आपत्कालीन हेल्पलाइनवर कॉल घेते. दोन महिन्यांपूर्वी आठ महिन्यांच्या बाळाच्या घशात काहीतरी अडकल्याचा कॉल आला. पत्नी सूचना देत असतानाच फोन कट झाला. तेव्हापासून तिला धड झोप नाही, नुसती रिंग वाजली तरी दचकते. घरचे म्हणतात, ‘ती कुठे तिथे होती?’ खरंच उपचार लागतील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दाखवायला हवंच, आता थांबू नका. तिथे नसणं हाच तर या कामातला मोठा ताण. बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, हे सांगायचं तिने आणि करायचं दुसऱ्याच्या हातांनी. दिसत काहीच नाही, मग मन आवाजावरून चित्र रचतं. पुढे काय झालं ते कळलं नाही की तेच चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं. तोवर हेडसेटवर पुढचा कॉल आलेला असतो.

कामाचा भाग म्हणून असे तपशील वारंवार ऐकणं हेही पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराचं, कारण ठरू शकतं, असं अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निकषांत स्पष्ट आहे. त्रास महिन्यापलीकडे टिकला की तपासणी हवी. सुरुवात १४४१६ या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावरून करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा संवादातून उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर उपचार) करणारे तज्ज्ञ मागा. सीबीटीची साधारण ८ ते १२ सत्रं होतात. झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका.

घरी रिंगटोन बदला, पण फोन कायमचा सायलेंटवर नको. टाळलं की भीती घट्ट होते. रात्री दचकून उठली तर ‘काय झालं?’ विचारू नका. दिवा लावा, पाय फरशीवर टेकवायला सांगा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. ‘सगळं सांगून मोकळी हो’ असा आग्रह नको. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याने फायदा होत नाही, काहींचा त्रास वाढतो.

सुपरवायझरकडे तिने दोन गोष्टी मागाव्यात : त्या कॉलचं पुढे काय झालं, आणि ते रेकॉर्डिंग गुणवत्ता-तपासणीत तिला पुन्हा ऐकवू नये. बातमी वाईट असू शकते, म्हणून ती समुपदेशकाशी बोलून, तिची तयारी झाल्यावरच घ्यावी.

जगणं नको वाटतं असं बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तोवर एकटं सोडू नका.