पाच तोळे गहाण, आणि प्रश्न आरएसआयचा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर असलेल्या आणि पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या ४७ वर्षांच्या एका वाचकांनी विचारले आहे की, सोने-डॉलर आणि युरो-डॉलर या जोड्यांमध्ये १५ मिनिटांच्या चार्टवर ट्रेडिंग करताना आरएसआय (भावाच्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा निर्देशांक) वापरावा की दोन मूव्हिंग ॲव्हरेजच्या (ठरावीक काळातील सरासरी भावाच्या रेषांच्या) छेदावर विसंबावे. त्यांचा हातात येणारा पगार ६२ हजार आहे. कॉलेज रोडवरील एका क्लासमध्ये ४५ हजार रुपये भरून ते तांत्रिक विश्लेषण शिकले, क्लासनेच सुचवलेल्या परदेशी ॲपवर त्यांनी चार लाख रुपये भरले आणि तीन महिन्यांनंतर खात्यावर ५,६०० डॉलर दिसत आहेत. महिना आठ टक्के सुटतील असा त्यांचा अंदाज असून, मुलीच्या अभियांत्रिकीच्या फीसाठी ठेवलेली सहा लाखांची मुदत ठेव मोडून तीही यात घालावी का, हा दुसरा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, दोन गोष्टी येतात. चार लाख म्हणजे पत्नीच्या पाच तोळ्यांवर १२ टक्क्यांनी काढलेले सोने तारण कर्ज आहे, ज्याची घरात कल्पना नाही. आणि ॲपवर पैसे भरताना दर वेळी वेगळ्याच व्यक्तीच्या नावाचा क्यूआर कोड येतो, ‘त्यामुळे पैसे लगेच जमा होतात’.

मुदत ठेव मोडू नका. आरएसआयविषयी पुढे लिहितो, परंतु तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य क्यूआर कोडचे आहे आणि ते तुम्ही सोय म्हणून लिहिले आहे. सेबीकडे नोंदणी असलेला ब्रोकर ग्राहकाचे पैसे स्वतःच्या नावावरील ग्राहक-खात्यातच घेतो. कोणा अनोळखी माणसाच्या बचत खात्यात तो ते कधीही मागवत नाही. अशी खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात. त्यांच्यापैकी एखाद्याविरुद्ध सायबर तक्रार झाली की पोलीस त्या खात्यातून पैसे जिकडे जिकडे गेले ती सारी साखळी गोठवू शकतात. उद्या तुम्हाला नफा म्हणून मिळालेले २० हजार अशाच खात्यातून आले, तर तुमचे पगाराचे खातेही त्या साखळीत अडकेल.

दुसरे म्हणजे हा व्यवहारच बेकायदेशीर आहे. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, भारतातील रहिवाशाने चलनाचे ऑनलाइन व्यवहार मान्यताप्राप्त शेअर बाजारांत किंवा रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या मंचांवरच करायचे असतात. उल्लंघन झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात, म्हणून हे चालते, असे क्लासमध्ये सांगितले असेल, तर ते अर्धसत्य आहे. त्याच योजनेत परदेशात मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, भरण्यासाठी पैसे पाठवण्यास स्पष्ट मनाई आहे. रिझर्व्ह बँक २०२२ पासून अनधिकृत ॲपांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करते. यादीत तुमच्या ॲपचे नाव नसले तरी त्याचा अर्थ मान्यता आहे असा होत नाही, हेही बँकेनेच सांगितले आहे.

क्लासचा यात काय लाभ, हे तुम्ही विचारलेले नाही. अशी ॲपे ग्राहक आणून देणाऱ्याला त्या ग्राहकाच्या प्रत्येक लॉटमागे (लॉट म्हणजे सौद्याचे ठरलेले माप) कमिशन देतात, मग ग्राहक जिंको वा हरो. १५ मिनिटांचा चार्ट का शिकवला जातो आणि दिवसाला पाच सौदे का सुचवले जातात, याचे कारण मला तरी याहून वेगळे दिसत नाही.

आता हिशेब. महिना आठ टक्के चक्रवाढीने म्हणजे चार लाखांचे वर्षात दहा लाख, पाच वर्षांत चार कोटी आणि दहा वर्षांत चारशे कोटी. असा दर खरोखर हाती असलेला माणूस ४५ हजारांच्या फीसाठी बॅच भरत बसत नाही.

तुम्ही सोन्याचा अर्धा लॉट, म्हणजे ५० औंस घेता. औंसाला ४,००० डॉलर धरले तर हा सौदा दोन लाख डॉलरचा झाला, आणि तुमचे चार लाखांचे मूळ भांडवल सुमारे साडेचार हजार डॉलर, म्हणजे भांडवलाच्या सुमारे ४४ पट. भाव सव्वादोन टक्के उलटा गेला की सगळे संपले. २१ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, जागतिक बाजारात सोने पाच टक्क्यांहून अधिक घसरले होते. खरेदीच्या बाजूला असता तर तुमचे भांडवल दोनदा बुडाले असते. ॲप तुम्हाला ५०० पट उसनवारी कौतुकाने देते. युरोपच्या नियामकाने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी सोन्यावर २० पटींची मर्यादा घातली, कारण तिथल्या देशोदेशींच्या नियामकांच्या पाहणीत अशा खात्यांपैकी ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात होती.

खर्च वेगळाच. खरेदी-विक्रीच्या भावातील फरक औंसामागे ३० सेंट धरला तर एका सौद्याला १५ डॉलर, दिवसाला पाच सौदे आणि महिन्याला वीस दिवस, म्हणजे १,५०० डॉलर. भांडवलाचा तिसरा हिस्सा दर महिन्याला निव्वळ फरकात जातो. एवढा खर्च भागवून वर २४ टक्के नफा झाला असेल, तर तुम्ही असामान्य आहात किंवा पडद्यावरचे आकडे रंगवलेले आहेत. ते पैसे काढून पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि तुम्ही अजून एक रुपयाही काढलेला नाही.

आरएसआयविषयी. वेल्स वाइल्डर यांनी तो १९७८ मध्ये मांडला. ७० च्या वर गेला की विका, ३० च्या खाली आला की घ्या, ही त्याची लोकप्रिय वाचनपद्धत. ती भाव एका पट्ट्यात फिरत असताना उपयोगी पडते आणि एकाच दिशेने धावू लागला की मार देते. २०२५ मध्ये सोने मार्चमध्ये ३,००० डॉलरच्या आणि ऑक्टोबरमध्ये ४,००० च्या पुढे गेले. त्या वाटेवर ७० पाहून विकत राहिलेल्यांचे काय झाले असेल, ते उघड आहे. मूव्हिंग ॲव्हरेजचा छेद याच्या उलट, म्हणजे धावत्या भावात बरा आणि पट्ट्यात फिरणाऱ्या भावात वारंवार फसवणारा. दोन्ही एकत्र वापरले तरी ती एकाच माणसाची दोनदा घेतलेली साक्ष असते, कारण दोन्ही त्याच भावांतून काढलेली असतात. २३ जुलै २०२४ रोजी अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले आणि एमसीएक्स या वायदे बाजारात सोने एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक पडले. त्याची सूचना कोणत्याही चार्टवर नव्हती. पद्धत निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. उसन्या पैशावर, ४४ पटींनी, १५ मिनिटांच्या हिशेबाने ती चालवणे निरर्थक आहे.

शिकण्याची हौस असेलच, तर एमसीएक्सवर एक ग्रॅमचा गोल्ड पेटल आणि आठ ग्रॅमचा गिनी हे करार आहेत. नोंदणीकृत ब्रोकरकडे, गेली तरी चालेल अशा २० हजारांत, दैनिक चार्टवर ते करून पाहा. चलनाचा मार्ग मात्र तुमच्यासाठी बंद धरा. रुपयाशी जोडलेल्या चलन-करारांसाठी प्रत्यक्ष चलन-जोखीम असणे आवश्यक आहे, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे. निफाडच्या द्राक्ष निर्यातदाराला मार्चमध्ये युरो येणार असतात, ती जोखीम त्याची आहे, तुमची नाही.

आजच ॲपवरील सर्व सौदे बंद करा आणि संपूर्ण रक्कम काढण्याची विनंती टाका. ‘आधी कर भरा, मग पैसे सुटतील’ असे उत्तर आले, तर एक रुपयाही न भरता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि पैसे भरल्याच्या नोंदी व स्क्रीनशॉट जपून ठेवा. रक्कम परत आली तर ती कोणाच्या खात्यातून आली ते पाहा, आणि फेमाच्या बाबतीत जाणकार सनदी लेखापालाला भेटा.

कर्जाला महिन्याला चार हजार व्याज लागते. काहीच परत आले नाही आणि पगारातून महिना १५ हजार बाजूला काढले, तर ते अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात फिटेल. निम्मे आले तर सव्वा वर्षात. अशी कर्जे बहुधा वर्षभराच्या मुदतीची असतात, त्यामुळे मुदतवाढीची तारीख पावतीवर आजच पाहून ठेवा. थकबाकी झाली तर लिलावाची नोटीस घरच्या पत्त्यावर येते, आणि दागिने पत्नीचे आहेत, तेव्हा ही गोष्ट त्यांना या आठवड्यातच तुमच्या तोंडून कळली पाहिजे.