छातीतली गाठ दिसली की लगेच ‘कॅन्सर’ लिहू नकोस

रेसिडेन्सीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक गाठ कॅन्सरचीच वाटते, मलाही वाटायची. सध्या एवढंच सांभाळ.

१. आधी जुनी एक्स-रे फिल्म माग. आपल्या ठाण्यात लोक ती गादीखाली जपून ठेवतात, तेव्हा नातेवाइकाला सरळ घरी पिटाळ. भरीव गाठ २ वर्षं जशीच्या तशी असेल, तर बहुधा साधीच.

२. टीबी विसरू नकोस. ट्युबरक्युलोमा, म्हणजे टीबीची गाठ, पेट (PET) स्कॅनवर कॅन्सरसारखाच चमकतो, त्यामुळे ‘चमकलं म्हणजे कॅन्सर’ ही नवख्यांची ठरलेली चूक. उलटी चूक तर जास्त महागात पडते: वरच्या भागात सावली दिसली म्हणून थुंकी न तपासताच महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या.

३. गाठीच्या आत बघ. चरबी किंवा पॉपकॉर्नसारखं कॅल्शियम दिसलं तर हॅमार्टोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ.

माझी फजिती ऐक. वागळे इस्टेटमधल्या एका कामगाराच्या एक्स-रेत खाली गोल सावली दिसली, मी ‘गाठ’ लिहून मोकळा! बिचारा रात्रभर झोपला नाही. सीटीत फुफ्फुस स्वच्छ. सावली स्तनाग्राची होती. आता शंका आली की तिथे छोटा धातूचा मार्कर चिकटवून फिल्म परत काढतो.

हृदय थकलेल्या पेशंटमध्ये फुफ्फुसाच्या फटीत साचलेलं पाणीही हुबेहूब गाठ दिसतं. लघवीची गोळी दिली की गायब!

आणि हो, गाठीत जाड रक्तवाहिनी शिरताना दिसली तर तो रक्तवाहिन्यांचाच गुंता असू शकतो; कॉन्ट्रास्ट सीटीआधी (शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्या उठून दिसतील असा सीटी) कुणाला तुकडा काढायला सुई घालू देऊ नकोस.