फोंडा ते पणजी रोजचा प्रवास, नवी गाडी आणि सात वर्षांचा हप्ता

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. रोज पणजीला नोकरीसाठी येणे-जाणे, साधारण 60 किलोमीटर, आठ वर्षांच्या 110 सीसी स्कूटरवरून. हातात येणारा पगार 38,000 आणि पत्नीचे 16,000. भाड्यासह घरखर्च 36,000, मुलगी चार वर्षांची, बँकेत मुदत ठेव 1 लाख 80 हजार. पावसात स्कूटरची भीती वाटते म्हणून या दसऱ्याला नवी हॅचबॅक घ्यायचा विचार आहे. शोरूमची किंमत 7.30 लाख, ऑन रोड 8.40 लाख. ठेवीतले 1.40 लाख भरायचे आणि 7 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढायचे. मामेभाऊ सांगतो, सिझनात शनिवार-रविवार टुरिस्टांना गाडी दिली की हप्ता सुटतो. शोरूमला 5,000 टोकनही दिलेले आहे.

नमस्कार. आधी मामेभावाच्या सल्ल्याबद्दल बोलू, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने देणे बेकायदेशीर आहे. ग्राहकाला स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला परवाना लागतो आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे लागतात. परवान्याशिवाय दिली आणि पकडली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192अ खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड आहे. कैदेचीही तरतूद आहे. पण खरा धोका विम्यात आहे. खाजगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि पैसे घेऊन गाडी देणे त्यात बसत नाही. टुरिस्टाने गाडी ठोकली तर दुरुस्तीचा दावा नाकारला जातो. त्याने कोणाला उडवले, तर नुकसानभरपाई आधी कंपनीने द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असाही आदेश होऊ शकतो. मृत्यूच्या दाव्याला वरची मर्यादा नसते. तुमच्या घरात दोनच पगार आहेत, हा धोका तुम्ही घेऊ नये. म्हणून त्या उत्पन्नाचा आकडा शून्य धरून पुढे वाचा.

7 लाखांना सात वर्षांचा हप्ता 11,262 येतो. एकूण फेड 9 लाख 46 हजार, म्हणजे व्याजच 2 लाख 46 हजार. शोरूमवाला इथेच थांबतो, पण तुमचा खर्च इथून सुरू होतो. महिन्याचे 24 दिवस धरले तर फक्त नोकरीसाठी 1,440 किलोमीटर होतात. जुने गोवे आणि पणजीच्या प्रवेशावर सकाळी जी रांग लागते, त्यात छोट्या पेट्रोल गाडीचे सरासरी 16 किलोमीटर धरा. म्हणजे 90 लिटर. लिटरला 100 रुपये धरले तर 9,000. विम्याचे महिन्याला 1,500, सर्व्हिसिंगचे 700. वर्षाला 17,000 किलोमीटरच्या वर चालणाऱ्या गाडीला अडीच वर्षांत चार टायर लागतात, त्यांचे 800 बाजूला काढावे लागतात. बेरीज 23,262. पणजीत अठरा जून रस्त्याच्या आसपास पार्किंगला द्यावे लागणारे पैसे यात धरलेलेच नाहीत. स्कूटरच्या पेट्रोलचे 3,200 वाचतील, म्हणजे नवा बोजा 20,000 च्या थोडा वर. तुमची आजची बचत महिन्याला 18,000 आहे. पहिल्याच महिन्यापासून 2,000 कमी पडतात आणि ठेवीत तोवर 40,000 उरलेले असतात. मुलीच्या शाळेची वाढलेली फी किंवा दवाखान्याचे एक मोठे बिल आले की क्रेडिट कार्ड काढावे लागेल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. विम्यात गाडीची शोरूमची किंमत दोन वर्षांनंतर 30 टक्क्यांनी कमी धरतात, म्हणजे 5.11 लाख. त्या वेळी तुमचे कर्ज 5.42 लाख शिल्लक असेल. गाडी पूर्ण नष्ट झाली तर गाडीही नाही आणि वर बँकेचे 31,000 देणे. झिरो डेप (दुरुस्तीत सुट्या भागांची घट न कापणारे जादा संरक्षण) घेतले तरी हा फरक भरून निघत नाही, त्यासाठी रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी नष्ट झाल्यास बिलाची मूळ किंमत देणारे संरक्षण) वेगळे घ्यावे लागते.

तरीही पावसाची भीती खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. गोव्यात रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत दुचाकीवाले सर्वांत जास्त असतात. पण त्यावरचा उपाय आधी बस आहे. फोंडा–पणजी मार्गावर सकाळी कदंबच्या आणि खाजगी बसगाड्या एकामागोमाग असतात. जून ते सप्टेंबर पास काढा, स्कूटर घर ते स्टँड एवढीच वापरा, पणजी स्टँडवरून ऑफिस लांब असेल तर पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी घ्या. रात्री उशिरा बस विरळ होतात, तेवढे दिवस आधी ठरवून सहकाऱ्याच्या गाडीत पेट्रोल वाटून या. मेमध्ये स्कूटरचा मागचा टायर आणि ब्रेक शू बदलून घ्या, दोन-अडीच हजारांत काम होते.

गाडी घ्याच, पण पुढच्या दसऱ्याला, आणि चार-पाच वर्षे वापरलेली. साडेतीन लाखांच्या आसपासची पेट्रोल हॅचबॅक तुमच्या घराला पुरते. 18,000 प्रमाणे तेरा महिन्यांत 2.34 लाख जमतात, ठेव धरून 4.14 लाख. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणून 2.16 लाखांना हात लावायचा नाही. उरतात 1.98 लाख. त्यातले 1.75 लाख भरा. राहिलेले 23,000 नावबदल, ऑइल, बॅटरी यांना लागतील. बाकीच्या 1.75 लाखांना वापरलेल्या गाडीचा दर 12 टक्के धरला तरी तीन वर्षांचा हप्ता 5,813 येतो. गाडी शनिवार-रविवार, सासरवाडी, दवाखाना आणि मुसळधार पावसाचे दिवस एवढ्यालाच काढायची, महिन्याला 400 किलोमीटर. पेट्रोल 2,500, विमा 800, दुरुस्तीची तरतूद 1,500. सगळे मिळून 10,600 आणि तरीही महिन्याला 7,400 हातात राहतात.

गाडी पाहायला पावसाळ्याच्या शेवटी जा, तेव्हा गळती लपत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पत्रा खालून खातो, म्हणून गाडी रॅम्पवर चढवून दरवाज्यांच्या खालच्या कडा, सायलेन्सरचे जोड आणि सस्पेन्शनचे बोल्ट पाहा. वरून ताजा काळा रंग मारलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हरने हलके टोचून बघा. पाण्यात बुडालेली गाडी सीट बेल्टवरून कळते. पट्टा शेवटपर्यंत ओढला की आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. सीटचे रूळ गंजलेले असले आणि कार्पेटखाली कुबट वास आला, तर किंमत कितीही उतरवली तरी नको. पूर्वी भाड्याने फिरलेली गाडी ओळखायला आरसीवरचा वाहन वर्ग आणि मालकांची संख्या वाचा. एमपरिवहन ॲपवर कर्जाचा बोजा आणि थकलेली चलने दिसतात.

बाहेरच्या राज्यातली स्वस्त गाडी टाळा, तिला तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणावी लागते आणि गोव्याचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. कागदांत मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30. विकणाऱ्याचे त्या गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35. विमा 14 दिवसांत नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) तुम्हाला मिळत नाही, म्हणून विम्याच्या पहिल्या हप्त्याचा आकडा कमी धरू नका. इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे पाण्याने इंजिन बिघडल्यास खर्च देणारे जादा संरक्षण, मिळत असेल तर घ्या. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते बिल साध्या पॉलिसीतून मिळत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरचेही विचारले आहे. 60 किलोमीटरला सव्वादोन युनिटच्या आसपास वीज लागते, महिन्याला तीनशेच्या आत. 3,200 च्या पेट्रोलपुढे ही मोठी बचत आहे. पण घर भाड्याचे आहे, त्यामुळे आधी मालकाकडून खालच्या मजल्यावर अर्थिंग असलेल्या 15 अँपिअर सॉकेटची परवानगी लेखी घ्या. जुन्या स्कूटरचे इंजिन काम मागेल तेव्हा हा विचार करा, आत्ताच नको.

शोरूमचे टोकन या आठवड्यात रद्द करा. इनव्हॉइस निघाले किंवा पासिंगला कागद गेले की पैसे परत मिळणे अवघड होते. अर्ज लेखी द्या, पावतीची झेरॉक्स जोडा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह त्यांचा शिक्का घ्या.