उत्पादकता : कशामागे किती?

प्रश्न असा आहे : ‘कारखान्याची उत्पादकता वाढली’ या वाक्यात उत्पादन, उत्पादनक्षमता, उत्पादकता यांपैकी कोणताही शब्द चालेल का? आणि ‘टोटल फॅक्टर प्रॉडक्टिव्हिटी’ला मराठीत काय म्हणावे?

नाही चालणार. उत्पादन म्हणजे निघालेला माल. उत्पादनक्षमता म्हणजे यंत्रे पूर्ण चालवली तर निघू शकेल इतका माल. उत्पादकता मात्र गुणोत्तर आहे, ‘कशामागे?’ हे सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. दुप्पट माणसे लावून दुप्पट माल काढला, तर उत्पादन वाढले, माणसामागची उत्पादकता होती तिथेच राहिली.

हे ‘कशामागे’ सांगायला मराठीत एक इवलासा प्रत्यय पुरतो : एकरी, हेक्टरी, माणशी, ताशी. ‘एकरी चाळीस टन ऊस’ म्हणणारा शेतकरी उत्पादकताच सांगतो. साखर कारखान्यातला ‘उतारा’ही त्याच घराण्यातला, दहा टक्के उतारा म्हणजे टनभर उसामागे शंभर किलो साखर. म्हणून बातमीत ‘माणशी उत्पादन’ किंवा ‘ताशी उत्पादन’ असे नेमके लिहावे, हा माझा आग्रह. कामाचे तास वाढवले की माणशी आकडा चढतो, ताशी चढेलच असे नाही.

आता दुसरा प्रश्न. ‘फॅक्टर’ म्हणजे इथे श्रम, भांडवल असे उत्पादनाचे घटक. त्यामुळे ‘एकूण घटक उत्पादकता’ हा रूढ प्रतिशब्द बरोबरच आहे, पण त्यातून अर्थ उलगडत नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली अमेरिकेचा हिशेब मांडला. १९०९ ते १९४९ या काळात शेती वगळता ताशी उत्पादन सुमारे दुप्पट झाले होते. त्यातून वाढीव भांडवलाचा वाटा वजा केल्यावरही जवळजवळ सात अष्टमांश वाढ उरली. ही वजाबाकीतली ‘बाकी’! सोलोंनी तिला तांत्रिक बदल म्हटले, पण त्यात नुसती यंत्रे नाहीत. विजेचेच उदाहरण घ्या. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले. अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेने उसळी घेतली ती १९२०च्या दशकात. आधी वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटार बसवली, सगळी यंत्रे फिरवणारा छताखालचा लांबलचक शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, आणि पट्टे तसेच ठेवले. यंत्रागणिक स्वतंत्र मोटार आली, तेव्हा कामाच्या क्रमाने यंत्रे मांडता आली आणि कारखान्याची आखणीच बदलली. अशी नवी मांडणीही त्या बाकीतच जमा होते.

म्हणून पाठ्यपुस्तकात ‘एकूण घटक उत्पादकता’ राहू द्यावे. लेखात पहिल्यांदा आले की पुढे ‘म्हणजे घटकांचा वाटा वजा जाता उरलेली वाढ मोजणारे माप’ एवढे जोडावे.